चार पावलांचा नियम

"दाबतेय हं. दुखलं तर सांगायचं, उगाच मर्दुमकी गाजवायची नाही," असं म्हणत डॉ. कुमुद साळोखे यांनी यशोधर गावितच्या उजव्या घोट्यावर, बाहेरच्या हाडाच्या मागच्या कडेला अंगठा रोवला.

"थोडं दुखतंय."

"थोडं म्हणजे केवढं?"

"इंजेक्शनपेक्षा कमी."

त्यांनी घोट्याचं आतलं हाड दाबलं, पावलाच्या कमानीवरचं दाबलं, करंगळीच्या मुळामागचं दाबलं. सूज म्हणावी तर नव्हतीच. मग त्या मागं सरकल्या आणि म्हणाल्या, "ऊठ. चार पावलं टाक."

यशोधर उठला आणि चार पावलं चालला. जरा लंगडत, पण चालला. चौथ्या पावलाला वळून त्यानं दोन्ही हात वर केले, जणू कुस्तीच मारली होती.

"लचक आहे," कुमुदताई म्हणाल्या. "हाडाला हाड बांधणारा पट्टा असतो ना, अस्थिबंध, तो ताणलाय. हाड शाबूत आहे. दोन दिवस पाय उशीवर, गार शेक, पट्टी घट्ट. मग एका पायावर उभं राहून डोळे मिटायचे, रोज दहा वेळा. घोटा मुरगळला की त्याला आपण कुठं आहोत तेच कळेनासं होतं. त्याला परत शिकवावं लागतं."

"म्हणजे मी जाणार ना घरी?"

"जाशील रे बाबा, जाशील."

हे घडलं सोमतळावर, म्हणजे चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या वसाहतीत. तिथं तेवीस माणसं राहत, बर्फासाठी जमीन पोखरत आणि आपापसांत भांडत. यशोधर छिद्रणयंत्रावर होता. नंदुरबारकडचा. मंचावरून खाली उडी टाकताना केबलमध्ये त्याचा पाय अडकला, पाय तिथंच राहिला आणि बाकीचा यशोधर पुढं गेला. सहा दिवसांनी परतीचं यान सुटणार होतं आणि त्यात त्याची जागा होती. तो चंद्रावर आला तेव्हा त्याची बायको चार महिन्यांची गरोदर होती. मुलगी रेवा आता दीड वर्षाची झाली होती, चालायला लागली होती आणि बापाला ती एक बोलणारी चौकट समजत होती. हे यान हुकलं तर पुढचं अकरा महिन्यांनी.

त्याच यानात कुमुदताईंचीही जागा होती. तीन वर्षं झाली होती त्यांना. कोल्हापुरात त्यांचे वडील, आबा, शहाऐंशी वर्षांचे होते. जन्मभर तालमीत वस्ताद. "मी आहे तवर ये," एवढंच ते दर खेपेला म्हणायचे, आणि हे ऐकलं की कुमुदताई चिडायच्या, कारण त्यावर बोलण्यासारखं काही नसायचं.

आता त्या नियमाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. पाय मुरगळून दवाखान्यात येणाऱ्या दहा माणसांतल्या आठ-नऊ जणांचं हाड मोडलेलं नसतं. सगळ्यांचे क्ष-किरण काढत बसलं तर यंत्राला उसंत मिळायची नाही. म्हणून डॉक्टर ठरावीक हाडं दाबून बघतात आणि चार पावलं चालायला लावतात. हाड दाबल्यावर कळ आली नाही, चार पावलं टाकता आली, तर क्ष-किरणाची गरज नाही. साधा, स्वस्त आणि पारखून घेतलेला नियम. कोल्हापुरात वीस वर्षं कुमुदताईंनी तो इतक्या निष्ठेनं पाळला की लोक त्यांना 'चार पावलांच्या बाई' म्हणत. सोमतळावर तर तो हवाच होता. तिथल्या क्ष-किरण यंत्राची, प्रतिमा टिपणारी ग्राहकपट्टी किरणोत्सारानं बाद होत आली होती. नवी पट्टी मालवाहू यानातून यायला तीन महिने होते आणि तोवर जुनीवर फार तर एक धड प्रतिमा निघेल, असा अंदाज होता.

दुसऱ्या दिवशी पृथ्वीवरच्या केंद्रातून निरोप आला. निवास चौगुले नावाचा एक जोडारी तीन आठवड्यांपूर्वीच्या खास फेरीनं परतला होता. परतीचं यान समुद्रात उतरतं. प्रत्येकानं आपल्या पायांनी दारातून बाहेर पडायचं आणि गरज पडली तर शेजाऱ्याला ओढायचं, असा दंडक आहे. त्यासाठी निघण्यापूर्वी डॉक्टर 'स्वपद दाखला' देतात. निवासच्या दाखल्यावर कुमुदताईंनीच सही केलेली होती. यान उतरलं, आत पाणी शिरलं, निवास उठला आणि पहिल्याच पावलाला खाली बसला. शेजारणीनं त्याला ओढून बाहेर काढलं. त्या भानगडीत तिच्या फुप्फुसात पाणी गेलं. दोघंही वाचले. पण निवासच्या घोट्याचं बाहेरचं हाड मोडलेलं निघालं, आणि मोडलेल्या कडा गोलसर झालेल्या होत्या. म्हणजे मोड जुनी होती, निदान पाच महिन्यांची.

"पाच महिन्यांपूर्वी तो इथं होता," कुमुदताई पडद्यावरच्या माणसाला म्हणाल्या. "घोटा मुरगळून आला, माझ्यासमोर चार पावलं चालला. उतरताना मोडलं असेल. तुमचं काहीतरी चुकतंय."

"कडा गोल आहेत, डॉक्टर."

"अहो, मी सांगते ना! सात महिन्यांपूर्वी माझा स्वतःचा घोटा मुरगळला होता. पंपघरात पाण्याची टाकी ढकलताना. दाबून बघितलं, चार पावलं चालले, पट्टी बांधली, दुसऱ्या दिवशी कामावर. आजही चालतेय. याहून मोठा पुरावा काय हवाय तुम्हाला?"

उत्तराची वाट न बघताच कुमुदताईंनी पडदा बंद केला आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या. राग आला की त्यांना भूक लागायची.

स्वयंपाकाची पाळी फरीदा मुजावरची होती. फरीदा मिरजेची, सोमतळाच्या बांधकामाची अभियंता. ती परातीत ज्वारीचं पीठ मळत होती आणि तिनं दोन्ही पाय टेबलाखालच्या दांडीत अडकवले होते.

"चौगुलेचं कळलं मला," फरीदा म्हणाली. "बसा, ताई. भाकरी होईल एवढ्यात."

"मी चुकले नाही, फरीदा."

"मी कुठं म्हटलं?"

कुमुदताईंची नजर टेबलाखाली गेली. मग, काहीतरी बोलायचं म्हणून, त्यांनी विचारलं, "पाय कशाला अडकवून ठेवलेस?"

"मग कसं मळू? पहिल्या महिन्यात माझ्या भाकऱ्यांच्या कडा फाटायच्या, आठवतं? केवढे हसायचे सगळे. पीठ आपण हातानं मळतो असं वाटतं, ताई. पण हातानं कुठं मळतो? अंगानं मळतो, हात नुसता मधे असतो. इथं अंगाचं वजन सहावा हिस्सा. दाबायला गेलं की पीठ राहतं तिथंच आणि मीच वर उचलली जाते. म्हणून पाय अडकवायचे."

कुमुदताईंनी आपल्या उजव्या हाताचा अंगठा डोळ्यांसमोर धरला. बराच वेळ त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. फरीदाला वाटलं, बाईंना काहीतरी टोचलं असावं.

"तुझ्याकडं स्प्रिंगचा काटा आहे?"

काटा आला. कुमुदताईंनी रोग्याचं हाड दाबतात तसा त्यावर अंगठा दाबला, नेहमीसारखं थोडं पुढं झुकून. काट्यानं पाऊण किलो दाखवलं. मग त्यांनी फरीदासारखे पाय दांडीत अडकवले आणि पुन्हा दाबलं. साडेचार.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "मी तीन वर्षं लोकांचे घोटे कुरवाळतेय."

"म्हणजे?"

"मी अंगठ्यानं दाबत नव्हते. अंगठ्यावर टेकत होते. आणि टेकायला इथं वजन आहे कुठं?" त्या उभ्या राहिल्या. "थांब. सूज. निवासला सूज नव्हती. यशोधरलाही नाही."

"रक्त, पाणी पायाकडं ओढणारं इथं कोण बसलंय? आपली सगळ्यांची तोंडंच सुजलेली असतात."

"आणि चार पावलं?"

फरीदानं पिठाचे हात झटकले. "तुमचं वजन किती, ताई?"

"अठ्ठावन्न."

"ते कोल्हापुरात. इथं साडेनऊ. साडेनऊ किलो म्हणजे वर्षाचं पोर. तेवढं वजन मोडक्या घोट्यावरही पेलतं. तुम्ही निवासला चालवून बघितलं नाहीत. निवासचा सहावा हिस्सा चालवून बघितलात."

"पण मग हाड मोडतं तरी कशाला? वजनच नाही तर?"

"वजन नाही, वस्तुमान आहे. त्याला काही झालेलं नाही. असं बघा, भाजीची भरलेली हातगाडी इथं तुम्ही एका हातानं उचलाल. पण तीच गाडी जोरात येत असताना पाय आडवा घालून थांबवून बघा बरं! पाय जाईल. थांबवायला जोर तेवढाच लागतो, इथं काय नि मिरजेत काय. यशोधर आणि त्याचा पोशाख मिळून पावणेदोनशे किलो पुढं निघाले होते आणि घोटा अडकला होता."

कुमुदताई मटकन बसल्या. चंद्रावर मटकन बसायलाही वेळ लागतो. "म्हणजे इजा पुरी होते आणि दुखतं सहाव्या हिश्शानं."

"आणि भरून येतं त्याहून कमी. हाडावर भार पडला नाही तर हाड भरत नाही, हे तुम्हीच सांगता ना सगळ्यांना?"

"सांगते की. म्हणून तर तो माणसाला खाली खेचणारा धावपट्टा ठेवलाय. पण घोटा दुखावलेल्याला मीच सायकलवर बसवते, आणि एकदा सायकलवर बसलेला माणूस परत त्या पट्ट्यावर जातोय कशाला? निवास गेला नाही. कुणीच जात नाही." त्यांनी काटा बाजूला सारला. मग म्हणाल्या, "नियम आणला मी, फरीदा. सोबत पृथ्वी आणायची राहिली."

नोंदवहीत नऊ घोटे होते. चार माणसं पृथ्वीवर पोचली होती, पाच इथंच होती. यशोधर त्यांतला नववा. आणि त्याच्या दाखल्यावर सही व्हायची होती.

त्या रात्री, म्हणजे घड्याळातल्या रात्री, कुमुदताईंना झोप आली नाही. त्यांना तालीम आठवत होती. एखाद्या पैलवानाचा पाय मुरगळला की आबा त्याच्या खांद्यावर दुसरा पैलवान बसवायचे आणि चालवायचे. पहिल्या वर्षाची वैद्यकीय पुस्तकं वाचून आलेल्या कुमुदनं ते पाहिलं आणि ती तालमीत सगळ्यांदेखत आबांना म्हणाली, "हा अडाणीपणा आहे. मोडलेलं हाड आणखी मोडेल. माणसाला त्याचं स्वतःचं वजन पुरतं." आबांनी वरच्या पैलवानाला खाली उतरवलं. त्या दिवसापासून ती चाचणी बंद झाली. पस्तीस वर्षं झाली त्याला. आणि कुमुद बरोबर होती, हे महत्त्वाचं. कोल्हापुरात माणसाला त्याचं स्वतःचं वजन पुरतं.

दोन दिवसांत फरीदानं भारचौकट बनवली. खांद्यावर आणि कमरेवर बसणारा सांगाडा, दोन्ही बाजूंना चंद्रावरच्या मातीची पोती आणि तोल गेला तर झेलायला छताला बांधलेले दोर. हिशेब सरळ होता. चंद्रावर माणसाला स्वतःइतकं जड व्हायचं असेल तर अंगावर स्वतःसारखी पाच माणसं घ्यावी लागतात.

यशोधर ते सगळं बघून भडकला. "चार पावलं चाललो की मी तुमच्यासमोर! तुमचाच नियम ना? आता घरी जायची वेळ आली तर नवा नियम?"

"जुनाच आहे. मीच अर्धवट वापरला."

"माझी पोरगी चालायला लागलीय, डॉक्टर. अकरा महिन्यांनी ती पळायला लागेल. या पोत्यांच्या नादात माझा बरा झालेला पाय परत गेला तर?"

"म्हणून एकेक पोतं वाढवायचं. दुखलं की थांबायचं." कुमुदताईंनी पट्टे उचलले आणि स्वतःच्या खांद्यावर चढवले. "आणि आधी मी करणार. तालमीत वस्तादानं स्वतः केल्याशिवाय पठ्ठ्याला काही सांगायचं नसतं. शिवाय मला पण जायचंच आहे की त्या यानानं. माझ्या दाखल्याला काय वेगळा नियम?"

फरीदानं अठ्ठावन्न किलोचं पहिलं पोतं अडकवलं. मग दुसरं. तिसऱ्याला कुमुदताई म्हणाल्या, "अरे वा, पाय जमिनीला टेकल्यासारखे वाटायला लागले." चौथ्याला त्यांच्या कपाळावर घाम आला. पाचवं लावल्यावर त्या जरा वेळ नुसत्याच उभ्या राहिल्या. तीन वर्षांनी त्यांचं पुरं वजन त्यांना भेटलं होतं.

"सावकाश, ताई," फरीदा म्हणाली. "वजन एकटीचं असलं तरी वस्तुमान सहा जणांचं आहे. एकदा निघालात की थांबवणं अवघड."

पहिलं पाऊल उजवं. दुसरं डावं. डाव्या घोट्यात काहीतरी सरकल्यासारखं झालं, पण त्या पुढं गेल्या. तिसरं उजवं टाकायला सगळा भार डाव्यावर आला आणि कुमुदताई किंचाळल्या. दोरांनी चौकट झेलली. त्या हळूहळू, फार हळू, जमिनीवर आल्या. डावा पाय धरून त्या बसल्या होत्या आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

फरीदानं पट्टे सोडवले. कुमुदताईंनी स्वतःच, उजवा पाय टेबलाच्या दांडीत अडकवून, अंगठ्याचा पुरा जोर लावून बाहेरच्या हाडाची मागची कडा दाबली. डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"पंपघर," त्या म्हणाल्या. "टाकी थांबली नव्हती. नोंदवहीत मी स्वतःला लिहिलंच नाही."

सगळ्यांत आधी यशोधरच सावरला. तो त्यांच्याजवळ उकिडवा बसला. मघाचा राग कुठल्या कुठं गेला होता. "डॉक्टर, आपण तिघंच आहोत इथं. कुणी बघितलं नाही. सही तुमचीच चालते. तुमच्या वडिलांचं वय... तुम्ही चला. मी धरीन तुम्हाला. पाणी शिरलं तर मी ओढीन बाहेर."

"शेजारची सीट तुझीच आहे, नाही का?"

"हो."

"निवासची शेजारीण पण असंच म्हणाली असती बघ." त्यांनी नाक पुसलं. "आणि तुझ्या पायाचं अजून कळायचंय. दोन मोडके पाय एकमेकांना ओढणार होय रे? फरीदा, क्ष-किरण लाव."

"एकच प्रतिमा आहे, ताई. यशोधर पण पडला तर?"

"जो पडतो त्याचा क्ष-किरण, असा नियम आहे. मी पडले. तो अजून पडलेला नाही."

प्रतिमेत बाहेरच्या हाडाच्या टोकाजवळ एक तिरकी काळी रेघ होती आणि तिच्या कडा गोलसर झालेल्या होत्या. निवासच्या घोट्याची तशीच प्रतिमा केंद्रातल्या माणसानं त्यांना पडद्यावर दाखवली होती. ग्राहकपट्टी त्यानंतर गेलीच.

मग यशोधरची पाळी. त्याला बहात्तर किलोची पाच पोती. एकेक लावताना तो डोळे मिटून उभा होता. कुमुदताई पाय लांब करून जमिनीवर बसल्या होत्या आणि ओरडत होत्या, "दुखलं तर सांग! लपवशील तर दाखल्यावर सही नाही, सांगून ठेवते!" पहिलं पाऊल पडलं. दुसरं. तिसऱ्याला तो "आई गं" म्हणाला, आणि फरीदा धावली, पण त्यानं मान हलवली आणि चौथं टाकलं. तिथंच उभा राहून तो रडायला लागला.

"कुठं दुखतंय?"

"घोट्यातल्या पट्ट्याला. हाडाला नाही."

कुमुदताईंनी सरकत जाऊन त्याचा घोटा दाबला, या खेपेला नीट. मग त्यांनी दाखला मागवला आणि जमिनीवर बसूनच सही केली. स्वतःचा दाखला त्यांनी दोन तुकडे करून खिशात टाकला.

त्यांनी आबांना फोन लावला तो यान सुटल्यावर. चंद्रावरून बोललेलं पृथ्वीवर पोचून उत्तर यायला अडीच सेकंद लागतात. त्या अडीच सेकंदांची त्यांना तीन वर्षांत सवय झाली होती. त्यांनी सगळं सांगितलं. मोडलेलं हाड, अकरा महिने, सगळं.

"किती पावलं टाकलीस?" आबांनी विचारलं.

"दोन. तिसऱ्याला बसले." मग त्या म्हणाल्या, "आबा, तुमची ती चाचणी मी बंद पाडली होती."

"बरंच केलंस की. हितं त्ये जास्त हुतं. तिथं कमी पडत असंल." मग त्यांनी विचारलं, "खांद्यावर काय घेतलंतीस?"

"माती. पोत्यांत भरून."

"माती? मातीला काय कळतंय गं? कुमे, तुला वाटलं व्हय, मी वजनासाठी गडी बसवत हुतो? वजनाला दगडी नाल पडल्यात की तालमीत ढिगानं. अगं, पैलवान कवा खरं सांगतोय का, दुखतंय म्हणून? बसणाऱ्याला खालच्याचा पाय आधी कळतोय. थरथर मांडीतनं वर जाती. मी चालणाऱ्याला कवा इचारलंच न्हाई. बसणाऱ्याला इचारायचो."

पस्तीस वर्षं कुमुदताईंना वाटत होतं की आपल्याला ती चाचणी ठाऊक आहे.

"यायचं जमंल न्हवं?" आबा म्हणाले. या वेळी 'मी आहे तवर' ते म्हणाले नाहीत, आणि तेच कुमुदताईंना फार लागलं. फोन ठेवून त्या पोटभर रडल्या.

उरलेल्या चौघांचीही चाचणी झाली. तिघं चालले, एकाला दुसऱ्याच पावलाला बसावं लागलं, आणि त्याचा पाय, क्ष-किरणाशिवायच, मोडका धरून बांधला गेला. पृथ्वीवरच्या तिघांना बोलावून तपासलं. चंद्राच्या नियमावलीत एक ओळ वाढली. यशोधर आपल्या पायांनी यानातून उतरला. महिन्याभरानं त्याचा फोटो आला, त्यात खांद्यावर रेवा होती. कुमुदताईंनी त्याला आबांचं म्हणणं कळवलं होतं, म्हणून त्यानं खाली लिहिलं होतं, "वरून तक्रार नाही."

कुमुदताईंच्या पायाला आठ आठवडे साचा होता. साचा निघाल्यावर खरं काम सुरू झालं, कारण हाडाला भार हवा होता आणि चंद्र तो देत नव्हता. फरीदानं भारचौकटीची पोती काढली आणि दोन्ही बाजूंना बसायच्या फळ्या लावल्या. पहिल्या महिन्यात एकटी फरीदा खांद्यावर बसायची. मग फळीवर एक माणूस वाढलं, मग आणखी एक. सगळ्यांना गंमत वाटायची. बाईंच्या अंगावर बसायला रांग लागायची आणि कुमुदताई शिव्या द्यायच्या.

सातव्या महिन्यात चौघं बसले असताना त्या म्हणाल्या, "अजिबात दुखत नाही. पाचवा चढवा."

"हलतोय पाय," वरून फरीदा म्हणाली.

"अगं, पाय माझा आहे!"

"बसलेय मी. हलतोय. उतरते."

सगळे उतरले. कुमुदताई त्या दिवशी कुणाशी बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी वेळेवर आल्या.

परतीच्या यानाच्या चार दिवस आधी पाच जण बसले, फरीदा सगळ्यांत वर. फोन आबांना लावलेला होता. आबा आता सत्त्याऐंशीचे झाले होते. त्यांना ऐकू कमी यायचं, म्हणून शेजारच्या पोरीनं आवाज मोठा केला होता. कुमुदताईंनी पाऊल टाकलं. एक. दोन. तिसऱ्याला सगळा भार डाव्या पायावर आला आणि त्या थांबल्या. त्यांनी स्वतःच्या पायाला काही विचारलं नाही.

"फरीदा?"

"गप्प आहे पाय, ताई. टाका."

त्यांनी चौथं टाकलं. मग पाच माणसं अंगावर तशीच ठेवून त्या फोनकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाल्या, "आबा, चार झाली!"

अडीच सेकंद गेले. मग आणखी दोन गेले, आणि कुमुदताईंच्या खांद्यावर बसलेल्या फरीदाला खालून थरथर जाणवली.

"ऐकलं," आबा म्हणाले. "आता पाचवं हितं उंबऱ्यात टाक."